चाकू, कमान आणि अंगठा

कुणाला तिकिटांचा छंद असतो, कुणाला नाण्यांचा, कुणाला गणपतींचा. मला घडीच्या चाकूंचा आहे. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग जरासा मागे सरकतो. :) आमच्या एका मावशीने तर "अगं, बाईमाणसाने जमवायची वस्तू आहे का ती?" असं विचारलं होतं. विळीवर बसून पाच मिनिटांत अख्खा लाल भोपळा चिरणारी मावशी! असो.

माझ्याकडे सगळे मिळून चौदा चाकू आहेत. महागडा एकही नाही. सगळे मिटणारे, खिशात मावणारे, साधे. जमवता जमवता एक गोष्ट लक्षात आली. लाकूड, शिंग, पितळ यांचं कौतुक नंतर. आधी बघायचं ते हे, की उघडलेलं पातं जागेवर कोण धरून ठेवतं? या एका प्रश्नात चाकूचा सगळा स्वभाव कळतो.

पहिला चाकू आजोबांचा. इंग्लंडातल्या शेफील्डचा, जोसेफ रॉजर्स कंपनीचा. पात्याच्या बुडाशी चांदणी आणि माल्टीज क्रॉस अशी खूण आहे, आता भिंगातूनच दिसते. याच कंपनीने १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनासाठी पंचाहत्तर पात्यांचा एक अवाढव्य चाकू केला होता. आजोबांच्या चाकूला दोनच पाती. मोठं सुपारी नि फळांसाठी, छोटं बोरूसाठी. आजोबा मास्तर होते, आणि बोरूला चांगला तिरका काप देता येणं ही त्या काळी अक्षर चांगलं असण्याची निम्मी तयारी होती. इंग्रजीतला 'पेननाइफ' हा शब्दही पिसाची लेखणी तासण्यावरूनच आला आहे. म्हणजे आजोबा तो चाकू त्याच्या मूळ कामासाठीच वापरत होते!

या चाकूत पातं धरून ठेवते ती पाठीमागची पोलादी कमान. पातं उघडताना ती थोडी वाकते आणि शेवटी पात्याच्या बुडावर 'टक्' करून बसते. मिटतानाही तसाच 'टक्'. तो आवाज स्वच्छ आला की समजायचं, चाकू नीट घडवलाय. कमानीचा ताण कारागिराने हाताने जुळवायचा असतो. जास्त झाला तर नखं तुटतात, कमी झाला तर पातं लळतं. शेफील्डमध्ये असे चाकू एकहाती करणारे स्टॅन शॉ नावाचे नामवंत कारागीर होते. १९४१ मध्ये ते या कामाला लागले आणि २०२१ मध्ये गेले. पण एक लक्षात घ्या, ही कमान पातं अडवते, कुलूप लावत नाही. चुकीच्या बाजूने जोर दिलात की ते मिटणार, आणि मध्ये तुमची बोटं असणार.

दुसरा फ्रान्सचा ओपिनेल. सॅव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल याने १८९० च्या सुमारास केलेला शेतकऱ्यांचा चाकू. बीच लाकडाची गोल मूठ, एक पातं, बस्स. १८९७ पासून त्याला नंबर आहेत. माझा आठ नंबर, साडेआठ सेंटीमीटर पात्याचा. आधी यालाही कुलूप नव्हतं. १९५५ मध्ये मुठीच्या तोंडाशी फिरणारं एक पोलादी कडं आलं. ते फिरवलं की पातं मिटत नाही. आपल्या पावसाळ्यात मात्र लाकूड फुगतं आणि पातं मुठीत रुतून बसतं. त्यावर सॅव्हॉयच्या लोकांची युक्ती म्हणजे मुठीचा मागचा भाग टेबलावर ठक्कन आपटायचा, पातं आपणहून डोकं वर काढतं. सासूबाई दचकतात, पण काम होतं.

आणि तिसरा माझा सगळ्यात लाडका, जपानचा हिगोनोकामी. पत्रा दुमडून केलेली मूठ, एक पातं, मागे छोटी दांडी. कमान नाही, कडं नाही. उघडलेलं पातं धरून ठेवतो तो आपला अंगठा, त्या दांडीवर दाबलेला. अंगठा सुटला की पातं सुटलं! मिकी नावाच्या गावात हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बनतो. पूर्वी जपानी पोरांच्या खिशात तो असायचाच, पेन्सिल तासायला, बांबूची खेळणी करायला. १९६० मध्ये इनेजिरो असानुमा या समाजवादी नेत्याची एका सतरा वर्षांच्या मुलाने भर सभेत हत्या केली. हत्यार होतं आखूड तलवार. पण त्यानंतर मुलांच्या हातात पातंच नको अशी मोहीम निघाली आणि बिचारा पेन्सिलीचा चाकूही दप्तरातून गेला. मिकीत एकेकाळी याचे कितीतरी कारागीर होते, आता हे नाव लावायचा हक्क असलेला एकच कारखाना उरलाय. तरी नागानो भागातल्या एका प्राथमिक शाळेने १९८० च्या दशकात उलट वाट धरली, पहिलीतल्या मुलांनाच हिगोनोकामी द्यायची.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण, आमची लेक दहा वर्षांची झाली आणि तिला पेन्सिल चाकूने तासायची आहे. घरात फोनाफोनी झाली. "शार्पनर काय मेलाय का?" इथपासून "हल्ली दिवस कसे आहेत" इथपर्यंत. आपल्याकडे चाकू म्हटलं की रामपुरी आठवतो, त्याला कोण काय करणार! खटका दाबला की उघडणारा, सिनेमातल्या खलनायकाचा. खुद्द रामपूरला २०२३ मध्ये चौकात वीस फुटी चाकू उभा केला, इतकं ते नाव गावाला चिकटलंय.

पण मला वाटतं, धोका पात्यात असतो तितकाच बेसावधपणातही असतो. आणि सावधपणा सांगून येत नाही, हातात धोका घेऊनच येतो. ज्याला कुलूप नाही असा चाकू तुम्हाला क्षणभरही दुसरीकडे बघू देत नाही. दहा वर्षांच्या मुलीला अख्खी पंधरा मिनिटं एकाच गोष्टीकडे बघायला लावणारं दुसरं काय आहे आज घरात?

तेव्हा ठरलंय. तिला हिगोनोकामी द्यायचा. नियम चार. पातं नेहमी अंगापासून दूर चालवायचं. उठायच्या आधी मिटायचा. दुसऱ्याला द्यायचा तो मिटूनच. आणि धार गेली की आधी धार लावायची, कारण बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की तो घसरतो. पहिले काही महिने मी शेजारी बसणार. (काकू, मलमपट्टीचा डबाही शेजारी असेल!)

आजोबांचा रॉजर्स मात्र अजून पाचेक वर्षं माझ्याकडेच. एका जाणकाराने तो बघून, "पातं निम्मं झिजलंय, बदलून घ्या, किंमत येईल," असं सांगितलं होतं. मी नाही बदललं. लोखंडावर आंब्या-कैरीचे काळेनिळे डाग आहेत, ते घासूनही काढले नाहीत. त्या डागांमुळे तांबडा गंज जरा लांब राहतो, हा एक फायदा. बाकी वर खोबरेलाचं एक बोट. उरलेलं निम्मं पातं लेकीला झिजवायला आहे.