शहापूरहून अंबागड : अर्ध्या दिवसाची चढण

आपल्या माणसांना चालणे काय शिकवायचे? रोवणीला, कारखान्याला, बाजाराला आपण जन्मभर चालतच आलो. पण पोटासाठी चालणे वेगळे आणि लेकराबाळांसह आनंदासाठी चालणे वेगळे. म्हणून धानाची कापणी-मळणी आटोपल्यावर, एका रविवारी अंबागड चढायचे आम्ही शहापूरच्या चार घरांनी ठरवले आहे. आमची आखणी इतर कुटुंबांच्याही उपयोगी पडावी.

अंबागड तुमसर तालुक्यात, जंगलातल्या टेकडीवर आहे. देवगडच्या बख्त बुलंद राजाच्या काळात, सुमारे 1700 साली, त्याचा सरदार राजाखान पठाण याने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. कैद्यांना विहिरीचे नासके पाणी पाजून मारीत, असे सांगतात. म्हणजे तिथे राजांच्या गोष्टींबरोबर माणसांच्या हालांचीही आठवण आहे. मुलांना दोन्ही सांगाव्यात.

शहापूरहून भंडारा, भंडाऱ्याहून तुमसर अशी एस.टी. मिळते. 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. तुमसरहून पुढची गाडी आणि परतीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी. चार घरे मिळून एक गाडी ठरवली, तर सकाळ वाया जात नाही.

आता वेळेचा हिशेब. स्कॉटलंडच्या नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने 1892 साली एक सोपा नियम सांगितला. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट माणसाचा. लेकरे आणि म्हातारी माणसे असली की दुप्पट धरावा.

म्हातारीला घरीच ठेवा, असे आमच्यातल्या काहींचे म्हणणे पडले. पण जिने उन्हातान्हात राबून सगळ्यांना वाढवले, तिलाच सुट्टीच्या दिवशी मागे ठेवायचे? शेवटी ठरले ते असे : सर्वांत हळू चालणारा पुढे राहील आणि त्याच्या चालीने सगळे चालतील. आजी थकलीच, तर सावलीत बसेल, सोबत एक मोठे माणूस थांबेल.

परदेशात दगडांवर, झाडांवर रंगाच्या खुणा करतात. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरवाटेला पांढरा-लाल-पांढरा पट्टा असतो. आपल्याकडे पायऱ्या आणि मळलेली वाट हीच खूण. ती सोडून पोरांनी आडवाटेला जाऊ नये. जंगलात वाघ-अस्वलांचा वावर असतो, म्हणून सकाळी उजाडल्यावरच चढावे, घोळक्याने चालावे. मोहोळ दिसले तर धूर, आरडाओरडा करू नये.

सोबत माणशी दोन लिटर पाणी, चून-भाकर, मुरमुरे, गूळ, दुपट्टा आणि एक काठी घ्यावी. पायात चपलेऐवजी बूट असावेत. साप चावला तर मांत्रिकाकडे धावू नये. आवळून बांधू नये, कापू नये. अंग न हलवता 108 ला फोन लावून सरकारी दवाखाना गाठावा.

शेवटची गोष्ट म्हणजे परतण्याची वेळ आधीच ठरवावी. बारा वाजले की, गडाचा दरवाजा शंभर पावलांवर असला तरी, मागे फिरायचे. गड कुठे जात नाही, पुढच्या रविवारीही तो तिथेच असेल. आपली माणसे मात्र संध्याकाळी सुखरूप घरी यायला हवीत.