माहेरची माणसं

लग्नाच्या फोटोंचं वेळापत्रक आखताना मी सगळ्यांत मोठी चूक केली ती पंगतीच्या बाबतीत. घरच्यांचे, नातेवाइकांचे फोटो मी जेवणानंतर ठेवले. मराठवाड्यातल्या लग्नात ते तसे ठेवायचे नसतात. इथेच लहानाचा मोठा होऊनही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

बीड बायपासवरचं मंगल कार्यालय, मे महिना, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. स्वतःच्या नावावर घेतलेली ती माझी पहिली मोठी ऑर्डर. तोवर मी दुसऱ्यांच्या हाताखाली काम करायचो, वेळेची काळजी त्यांची असायची. या वेळी मी लॅपटॉपवर मिनिटामिनिटाचा तक्ता तयार केला. नवरीची तयारी, गौरीहर, परण्या, मंगलाष्टका, कन्यादान, होम, सप्तपदी, जेवण. तीन वाजता दोन्हीकडची मंडळी स्टेजवर, चार वाजता जोडप्याला घेऊन बीबी का मकबरा. असे तक्ते मी परदेशी फोटोग्राफरांच्या व्हिडिओंत पाहिले होते. तिकडे पाहुणे मोजके असतात आणि रात्रीच्या जेवणापर्यंत थांबतात. आपल्याकडे अक्षता पडल्या की अर्धा मांडव पंगतीकडे वळतो, आणि हात धुतले की गावाकडची माणसं गाडीकडे.

नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला. देऊळ जवळच होतं, पण पुढे बँड आणि बँडपुढे त्याचे मित्र. मी परण्याला अर्धा तास धरला होता. अक्षता पडल्या तेव्हा दीड वाजून गेला होता. मी मनाशी हिशेब केला की तासभर उशीर झालाय, तर पुढचं सगळं तासभर पुढे नेऊ. पण लग्नात सगळं सारखं पुढे जात नाही. विधी पुढे जातात, ते गुरुजींच्या हातात असतात. पंगत कुणासाठी थांबत नाही. आणि भाड्याने केलेल्या गाडीची निघायची वेळ तर मुळीच हलत नाही, कारण ड्रायव्हरला संध्याकाळी दुसरं भाडं असतं.

होमाचे फोटो घेत होतो तेव्हा फेटा बांधलेले एक गृहस्थ माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. “भाऊ, गाडी निघायलीय आमची. पोरीसंगं आमचा एक फोटो घ्या ना.” मी कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हणालो, “काका, विधी चाललाय. नंतर स्टेजवर सगळ्यांचे घेणारच आहे.” ते काही बोलले नाहीत. त्यांच्या मागे तीन-चार बायका आणि लहान मुलं उभी होती, तीही वळली. खरं तर होम तेव्हा थांबलेलाच होता. लाह्यांचं सूप कुणीतरी खोलीत विसरलं होतं आणि ते आणायला मुलगा धावला होता. गुरुजींना नुसतं विचारलं असतं तर सगळ्यांना नवरीच्या मागे उभं करून फोटो घ्यायला एक मिनिट पुरलं असतं.

ते नवरीचे सख्खे मामा होते. तासाभरापूर्वी अंतरपाटाच्या वेळी तेच तिच्या मागे उभे होते, आणि मी त्यांना ओळखलं नाही. माझ्या फोटोंत ते आहेत, पण खांद्यावरचा हात आणि फेट्याची कड एवढेच. माझी लेन्स नवरीच्या चेहऱ्यावर होती.

अल्बम द्यायला गेलो तेव्हा नवरीच्या आईने पानं उलटायला सुरुवात केली. शेवटच्या पानापर्यंत गेल्या, पुन्हा पहिल्यापासून बघितलं, आणि विचारलं, “माझ्या माहेरचे कुठायत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. राहिलेले पैसे घ्यायला मी नकार दिला, त्यांनी ते हातात ठेवलेच. पुढे जोडपं आजोळी गेलं तेव्हा मी कॅमेरा घेऊन त्या गावी गेलो आणि सगळ्यांचा फोटो काढला. फोटो चांगला आला. पण त्यात मुंडावळ्या नाहीत, मांडव नाही, आणि त्या दिवशी वळून गेलेली सगळी माणसंही नाहीत.

उजेडाचा विचारही मी केला नव्हता. आपल्या शहरात मेच्या १९-२० तारखेला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सरळ उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. ती वेळ साडेबाराच्या थोडी आधी, म्हणजे बारा पस्तीसच्या मुहूर्ताला अगदी लागून. अशा उन्हात उघड्यावर काढलेल्या फोटोत फेट्याची सावली थेट डोळ्यांवर पडते आणि नवरदेव थकलेला दिसतो. मांडवात गेलो तर तिथे लाल-पिवळं कापड. त्यातून गाळून आलेल्या उजेडाने हळदीची नवरी केशरी दिसत होती आणि पैठणीचा हिरवा रंग मातकट झाला होता. तो रंग नंतर कॉम्प्युटरवरही पूर्ण निघाला नाही. आदल्या दिवशी त्याच वेळी जाऊन कापडाखाली पाच मिनिटं उभा राहिलो असतो तर मांडववाल्याकडे स्टेजच्या वर तरी पांढरं कापड मागता आलं असतं.

मकबऱ्याचा बेत हा निव्वळ माझा हट्ट होता. ते जोडप्याने मागितलं नव्हतं, मला माझ्या कामाचा नमुना हवा होता. बीड बायपासवरून बेगमपुऱ्यापर्यंत म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. मकई गेटजवळ गाडी खोळंबली, नवरीला गरगरायला लागलं. पोचलो तर मकबऱ्याचा दर्शनी भाग सावलीत. इमारतीचं तोंड दक्षिणेला आहे, आणि मे महिन्यात सूर्य उत्तरेकडे झुकून मावळतो, त्यामुळे संध्याकाळचं ऊन समोरून मिळतच नाही. डिसेंबर-जानेवारीत मिळतं. ही वास्तू पुरातत्त्व खात्याची आहे, ट्रायपॉड-लाईट लावून धंद्याचं शूटिंग करायचं तर आधी परवानगी लागते, हेही मी पाहून ठेवलं नव्हतं. गेटवर अडवलं, ते योग्यच होतं. आम्ही परतलो तेव्हा कार्यालयात पाठवणीसाठी बायका ताटकळत बसल्या होत्या. ज्या दिवशी त्या मुलीने आपल्या माणसांत असायला हवं होतं, त्या दिवशी मी तिला ट्रॅफिकमध्ये बसवून ठेवलं.

आता मकबरा, दौलताबाद असलं काही हवं असेल तर मी थंडीतला वेगळा दिवस मागतो. लग्नाच्या दिवशीचा तक्ता घड्याळाऐवजी माणसांवर बांधतो. त्यासाठी आधी घरी जाऊन आत्या नाहीतर मावशीजवळ बसतो. नवरा-नवरीने मोबाईलवर पाठवलेल्या यादीत मित्र-मैत्रिणी भरपूर असतात. कोण कुठल्या गावाहून, कुठल्या गाडीने येणार आणि कधी निघणार, हे त्या बाईंना ठाऊक असतं. ड्रायव्हरचा नंबरही घेतो. नावं पुकारायला घरातलाच एक मुलगा मागतो, कारण चेहरे मला ओळखू येत नाहीत. गुरुजींना आदल्या दिवशी फोन करून विधींचा क्रम विचारतो. घरागणिक तो वेगळा असतो. निकाह असेल तर दुल्हनकडे स्त्री फोटोग्राफर पाठवतो, कारण तिची कबुली वेगळ्या खोलीत घेतली जाते आणि ते क्षण दोन-तीन मिनिटांत होऊन जातात. बौद्ध पद्धतीच्या लग्नात मुहूर्ताची अडचण नसते, पण विधी आटोपशीर असतो, म्हणून फोटो त्याच्या आधी उरकतो.

नवरीकडच्यांचे फोटो आता परण्या बाहेर असताना गौरीहरापाशीच होतात, आजोळचा पहिला. नवरदेवाकडची सगळी मंडळी त्या वेळी रस्त्यावर नाचत असते, तिथे हा उपाय चालत नाही. त्यांच्यासाठी मी मारुतीच्या पाराजवळ दुसरा कॅमेरा उभा करतो. दर्शन घेऊन नवरदेव बाहेर आला की बँडवाल्याला पाच मिनिटं थांबायला सांगतो, आणि ही गोष्ट ऑर्डर घेतानाच नवरदेवाच्या वडिलांकडून कबूल करून घेतो.