निरीक्षणाच्या पाच ओळी

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत भाषेच्या प्राध्यापिकेचं काय काम, असं कुणी विचारलं की मी जर्नल पुढे करते. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. सगळं बऱ्याचदा मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेलं. प्रयोग स्वतः केलेला, वाक्यं मात्र दुसऱ्याची.

टायट्रेशनच्या निरीक्षणात एकाने लिहिलं होतं, ‘द्रावण गुलाबी झाले.’ चूक काहीच नाही. मी विचारलं, एकदम झालं का रे? त्याने आठवून पुन्हा लिहिलं: अल्कलीचा थेंब पडला की तेवढ्यापुरता गुलाबी रंग यायचा, फ्लास्क हलवला की जायचा, पुढे तो जायला वेळ लागू लागला, म्हणून मी थेंब-थेंब सोडू लागलो. शेजारी उभ्या असलेल्या रसायनशास्त्राच्या सरांनी लगेच विचारलं, ‘वेळ का लागू लागला?’ ॲसिड संपत आलं म्हणून, हे त्या मुलाला तिथेच, स्वतःचं वाक्य वाचताना उमगलं. सरांचा हा प्रश्न मला सुचला नसता. म्हणूनच लेखन एकट्या भाषा विभागाकडे सोपवून चालत नाही, असं मी प्रत्येक बैठकीत सांगत असते.

इतिहासाचं वाक्य आणखी निराळं. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली. तेव्हा ‘असे घडले’ आणि ‘सभासद असे सांगतो’ यांत फरक करायला हवा, आणि तो इतिहासाच्याच तासाला शिकता येतो. अर्थशास्त्रात ‘महागाई वाढली’ म्हटलं की कधीपासून आणि कोणत्या निर्देशांकाने, हे आलंच पाहिजे.

हा विचार जुना आहे. जेम्स ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांचं लेखन तपासलं. 1975 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जवळपास निम्मं लेखन परीक्षक म्हणून वाचणाऱ्या शिक्षकासाठीच केलेलं आढळलं. अमेरिकेत जॅनेट एमिग यांनी 1977 मध्ये मांडलं की लिहिणं ही शिकण्याचीच एक रीत आहे. आपल्याकडे 2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर भाषेला क्षमतावर्धनाचे वेगळे क्रेडिट मिळाले. ते हवेतच, पण लेखन त्याच तासात कोंडलं गेलं तर जर्नल आहे तसंच राहील.

सहकाऱ्यांची अडचण खरी आहे: सिलॅबस संपवायचा कधी, आणि एवढं तपासायचं कुणी? माझं म्हणणं इतकंच, की प्रत्येक प्रयोगाला निरीक्षणाच्या पाच ओळी स्वतःच्या असाव्यात आणि विषयाच्या शिक्षकाने तेवढ्याच वाचाव्यात. ऱ्हस्व-दीर्घ नंतर. इंग्रजीत अडत असेल तर आधी मराठीत लिहू द्यावं. माझ्या अनुभवात गावाकडून आलेली मुलं अशा वेळी बारकावे जास्त टिपतात. वनस्पतिशास्त्राच्या मॅडम पुढच्या सत्रात हेच करून बघणार आहेत: कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड, आणि आकृतीला नावं देण्याआधी पाच ओळी.