मॉस्कोत छापलेलं पुस्तक

आमच्या पिढीला सोव्हिएत युनियन भेटलं ते पुस्तकांतून. सोलापुरात प्रदर्शन लागलं की खाऊच्या पैशांत जाडजूड पुस्तकं घरी यायची. किर्गिझ लेखक चिंगीझ ऐतमातोव यांच्या गोष्टींचं इंग्रजी पुस्तक असंच आलं. त्यातला ‘पहिला शिक्षक’ वडील मराठीत सांगत. जेमतेम लिहिता-वाचता येणारा दूयशेन किर्गिझ खेड्यातल्या पडक्या तबेल्यात शाळा भरवतो, भिंतीवर लेनिनचं चित्र लावतो, मुलांना पाठीवर घेऊन गारठलेला ओढा ओलांडतो. घरात साने गुरुजी होतेच. दूयशेन त्यांच्या पंगतीला सहज बसला.

पुढे सोव्हिएत युनियन मोडलं आणि कॉलेजच्या वयात भिंतीवरचा तो लेनिन खुपू लागला. ‘प्रचार’ म्हणून पुस्तक माळ्यावर गेलं. नोकरीसाठी किर्गिझस्तानात बिश्केकला निघाले तेव्हा मात्र शोधून काढून बॅगेत भरलं.

शहराबाहेर अता-बेयित हे स्मारक आहे. १९३८मध्ये गुप्त पोलिसांनी सव्वाशेहून अधिक माणसांना गोळ्या घालून इथल्या वीटभट्टीत पुरलं. तिथल्या एका पहारेकऱ्याने मरण्याआधी हे गुपित मुलीला सांगितलं आणि १९९१मध्ये सांगाडे निघाले. त्यांत ऐतमातोवांचे वडील तोरेकुल होते. सोबतच्या आरोपपत्रावरून ओळख पटली. वडिलांना मारलं तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा. त्याच मुलाने १९६२मध्ये दूयशेन लिहिला, पुढच्या वर्षी लेनिन पारितोषिक घेतलं, आणि २००८मध्ये त्याचंही दफन तिथेच झालं.

शेजारच्या एजे, म्हणजे ताई, निवृत्त शिक्षिका. त्यांना विचारलं, वडिलांना मारणाऱ्या राजवटीचा शिक्षक ऐतमातोवांनी इतक्या मायेने कसा लिहिला? रीतीप्रमाणे चहाचा पियाला अर्धाच भरत त्या म्हणाल्या, “माझी आजी अंगठा उठवायची, आई सही करायची. तेवढं खरंच आहे ना?” मग त्याच सुरात आजोबांचं सांगितलं. १९३७मध्ये नेलं, परत आले नाहीत.

लेनिनचा पुतळाही इथे फोडला नाही. २००३मध्ये आला-तू चौकातून उचलून इतिहास संग्रहालयामागे उभा केला. माणसांना मात्र ही सवलत नाही. २००५, २०१० आणि २०२०मध्ये लोकांनी रस्त्यावर उतरून राष्ट्राध्यक्षांना घालवलं. शेवटची उलथापालथ मी पाहिली. जमाव रात्रीत सरकारी भवनात शिरला. तुरुंगातून सुटलेले नेते सादिर जपारोव महिनाही उलटायच्या आत सत्तेवर बसले. एजेंनी सकाळी पीठ-तेल भरून ठेवलं आणि नातीला ऑनलाइन वर्गाला बसवलं.

त्यानंतर शब्दावर पुन्हा पहारा बसू लागला. २०२४मध्ये न्यायालयाने ‘क्लूप’ या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेला टाळं लावायचा आदेश दिला. एजे आता पेपर वाचताना नातीला विचारतात, “यात काय नाही, सांग.” दूयशेनच्या गोष्टीतही नेऊन परत न आलेली माणसं नाहीतच. अक्षरं त्या राजवटीने शिकवली, गाळलेलं ओळखायलाही तिनेच शिकवलं. ही दुसरी विद्या नातीच्या उपयोगी पडणार, याची एजेंना खात्री आहे.