खंडूची वाट

गाव सोडायचे ठरले म्हणजे माणसे काय काय मोजू लागतात! पेट्या किती, गाद्या किती, लोणच्याच्या बरण्यांना गुंडाळायला जुनी लुगडी किती. आमच्या घरी गेले दोन महिने हेच चालले आहे. संस्थेने माझी बदली कराडच्या शाखेत केली असून दिवाळीची सुट्टी संपताच मला तिथे हजर व्हायचे आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमचे सामान टेम्पोत चढत असेल. सगळ्या वस्तूंची यादी झाली. यादीत बसत नाही अशी एकच गोष्ट उरली आहे. ती म्हणजे वाईतली मैलभराची एक वाट. आणि ती माझीही नाही. ती आमच्या खंडूची आहे.

खंडू हा आमचा कुत्रा. जात विचाराल तर अस्सल गावठी. तेरा वर्षांपूर्वी एका पावसाळी संध्याकाळी गंगापुरीत, मराठी विश्वकोशाच्या कार्यालयाजवळ, एका सायकलीच्या आडोशाला तो कुडकुडत बसलेला मला सापडला. वाईकरांना विश्वकोशाचा अभिमान फार. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, आणि वीस खंड पुरे व्हायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले ते पिल्लू पाहून सौभाग्यवती म्हणाली, "विश्वकोशाचा आणखी एक खंड काढला वाटतं त्यांनी!" तेव्हापासून तो खंडू.

त्याची वाट त्यानेच आखली. मी फक्त साखळी धरली. सकाळी साडेपाचला आमच्या बोळातून निघायचे, विश्वकोशाच्या फाटकापाशी क्षणभर थांबायचे, हे बहुधा जन्मस्थानाला वंदन असावे. मग आळ्याआळ्यांतून घाटाकडे. मधल्या आळीत एक काकू सडा घालीत असतात. त्या बादली खाली ठेवून कालच्या भाकरीचा तुकडा त्याला देणार आणि मला म्हणणार, "मास्तर, आज उशीर झाला हो!" उशीर झालेला नसला तरी म्हणणार. तेरा वर्षांत त्यांनी मला दुसरे वाक्य ऐकवले नाही, आणि ते ऐकल्यावाचून माझा दिवस सुरू झाला नाही.

पुढे ढोल्या गणपती. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी हे देऊळ १७६२ मध्ये बांधले. त्याची नदीकडची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचे पाणी तिच्यावर आपटले की दुभंगून दोन बाजूंनी निघून जाते. माणसे पुढून दर्शन घेतात. खंडू मागे जाऊन त्या भिंतीचा वास घेतो. श्रावणात पूर ओसरला की भिंतीला गाळ, शेवाळ, कुठूनसा वाहत आलेला पालापाचोळा चिकटलेला असतो. तिथे तो पाच मिनिटे वाचत उभा राहतो. वाचत हा शब्द मी जाणून लिहिला आहे. रात्री वर धोमकडे काय झाले ते त्याला तिथे कळते, आणि मला मात्र पेपर येईपर्यंत थांबावे लागते.

थंडीत घाटाघाटांवर आळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव होतो. त्या दिवसांत खंडूचा पाय घाटावरून निघत नाही, कारण तुम्ही ओळखले असेलच. सिनेमावाल्यांचीही आमच्या घाटावर मोठी भक्ती. २००३ च्या ‘गंगाजल’साठी वाई बिहार झाली, २०१० च्या ‘दबंग’साठी उत्तर प्रदेश झाली. खंडू लहान असताना अशाच एका चित्रणासाठी कुणी प्लायवूडचे देऊळ उभारले होते. सारा गाव ते पाहून थक्क झाला. खंडूने ते चहूबाजूंनी हुंगले आणि ते खोटे असल्याचा निर्वाळा आपल्या पद्धतीने, एक पाय वर करून दिला. रंगकर्मी धावून आला. मला साखळी ओढून पळ काढावा लागला.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांवर निळसर ढग दिसू लागले. साताऱ्याचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि मागचा पडदाही गेलाय. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. काळजी करू नका. कुत्र्याचं निम्मं जग नाकात असतं. फक्त घरातली खाट-टेबलं हलवू नका आणि रोजची वाट बदलू नका."

हे आम्ही पाळले. म्हणून आज वाईत कुणाला विचारा, खंडू आंधळा आहे हे फार थोड्यांना ठाऊक आहे. तो बोळाच्या तोंडाशी अचूक वळतो, गटाराची उघडी फरशी टाळतो, घाटाची फुटकी पायरी आली की पाय उचलून पुढच्या पायरीवर ठेवतो. या मैलभरात त्याला दिसते. मैल संपला की तो आंधळा होणार. बदलीचा कागद हातात आला तेव्हा मला प्रथम आठवली ती डॉक्टरांची ही गोष्ट.

बातमी आळीत पसरली, आणि तेरा वर्षांत पहिल्यांदाच काकूंनी वाक्य बदलले. "मास्तर, बदली तुमची झाली, त्याची नाही. त्याला इथंच राहू द्या माझ्याकडे. भाकरीला भाकर होईल."

त्यांचे खोटे काय होते? चार रात्री मला झोप लागली नाही. वाट ठेवावी तर माणसे जातात, माणसे ठेवावी तर वाट जाते. आणि ज्याच्याविषयी हे चालले होते तो खाटेखाली घोरत होता. शेवटी सौभाग्यवती म्हणाली, "त्यालाच विचारा."

म्हणून एका रविवारी आम्ही त्याला पुलापलीकडे, त्याने कधी न हुंगलेल्या रस्त्याने नेले. पूल उतरला आणि खंडू थबकला. नाक वर केले, खाली केले. मग एक पाऊल टाकले आणि त्याचा खांदा माझ्या पोटरीला लागला. तो तिथेच टेकून राहिला. मी चाललो की तो चाले, मी थांबलो की थांबे. अर्धा तास आम्ही असे फिरलो. एवढ्या वेळात तो एकदाही अडखळला नाही. माझी पोटरी मात्र दुसऱ्या दिवशी दुखत होती. परतताना सौभाग्यवती काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने यादीत ‘खंडूचे पांघरूण’ एवढे लिहिले. काकूंना सांगायला गेलो तेव्हा त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "न्या. पण भाकरी शिळीच द्या हो, ताजी त्याला बाधते."

आजवर ही फिरती म्हणजे मला कादंबरीचा विचार करायची सवड होती. वाट खंडू बघे, मी माझ्या नायिकेचे लग्न जमवी. आता ते बंद. गेल्या महिन्यात खोली पाहायला कराडला गेलो होतो. पहाटे उठून नव्या घरापासून प्रीतिसंगमापर्यंत एकटाच चाललो. उत्तरेकडून कृष्णा येते, दक्षिणेकडून कोयना. दोघी समोरासमोर भेटतात आणि मिळून पूर्वेकडे वळतात. कृष्णा म्हणजे आमचीच, वाईवरून गेलेली. खंडूला ती नाकाने ओळखेल अशी मला आशा आहे. पण आशेवर पाठ घेता येत नाही हे शिक्षकाला कळते. म्हणून खिशातून वही काढून मी पाठाचे टाचण करावे तसे टाचण केले आहे: दाराबाहेर तीन पायऱ्या, डावीकडे वळल्यावर उघडा खड्डा, पिठाच्या गिरणीपाशी तापट काळा कुत्रा, रस्ता ओलांडावा, वडाच्या मुळाला ठेच लागेल, खंडूला उजव्या बाजूस घेणे.