विझलेली भट्टी

परवा एका स्नेह्यांनी आपल्या कपाटातील एक रिकामी बाटली मोठ्या अदबीने माझ्या हाती दिली. तिच्यावर ‘ब्रोरा’ असे नाव होते. मद्याच्या बाबतीत मी अगदी कोरडा. तेव्हा तिच्या चवीविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु त्या नावामागची हकीकत ऐकली, आणि बाटली खाली ठेववेना.

ब्रोरा हे स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील एक गाव. पुढे सदरलंडचा पहिला ड्यूक झालेल्या जमीनदाराने १८१९ साली तेथे भट्टी घातली. याच जहागिरीत मेंढ्यांना कुरणे मिळावीत म्हणून खोऱ्यांतील कुळांना घरांतून काढून किनाऱ्यावर आणून बसविले होते. त्यांच्या जवाला गिऱ्हाईक मिळावे, हा भट्टीचा एक हेतू. ज्या हातांनी चुली विझविल्या त्यांनीच ही भट्टी पेटविली!

तिचे मूळ नाव क्लायनलिश. १९६७-६८ च्या सुमारास शेजारीच नवी, मोठी भट्टी उभी राहिली आणि तिने थोरलीचे नावही घेतले. थोरली १९६८ मध्ये बंद पडली. धुरकट वासाच्या मालाची गरज लागताच १९६९ मध्ये पुन्हा पेटली, आणि पुढे गावाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. व्हिस्कीचा साठा मागणीपेक्षा फार वाढला, तेव्हा मार्च १९८३ मध्ये ती पुन्हा विझली.

परंतु गोदामात ओकची पिंपे होती. दरसाल सुमारे दोन टक्के मद्य हवेत उडून जाई. तिकडचे लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. उरलेले मात्र लोणच्यासारखे मुरत राहिले. वीस-तीस वर्षांनी ते बाटल्यांत उतरले, आणि ज्या मालाला कोणी विचारीत नव्हते त्याच्यावर शौकिनांच्या उड्या पडल्या. अखेर जुनी तांब्याची पात्रे दुरुस्त करून, भिंतींचे दगड उतरवून पुन्हा रचून, मे २०२१ मध्ये भट्टी पेटविण्यात आली.

ऐकता ऐकता मला आमचा छापखाना आठवला. तेथे मी बावीस वर्षे मुद्रिते तपाशिली. तो बंद झाला त्या संध्याकाळी आमच्या वृद्ध जुळाऱ्याने खिळ्यांचे खण पुसून ठेवले, टोपी घातली आणि तो काही न बोलता निघून गेला. आज तेथे छापलेली पुस्तके जुन्या बाजारात चौपट किमतीला जातात.

मी बाटली परत केली. स्नेही म्हणाले, “काय किंमत असेल, सांगा पाहू?”

मला मात्र त्या जुळाऱ्याचा पत्तासुद्धा आठवेना.