आजोळचे सभागृह

वास्तू पाहावयास जाण्याची हौस आपल्याकडे मोठी आहे. परंतु तिच्या वाटा बहुधा ठरलेल्या असतात. देवळे, लेणी, किल्ले आणि राजवाडे एवढ्यांत आपले वास्तुदर्शन आटोपते. देवळात देव असतो, किल्ल्यात पराक्रम असतो, राजवाड्यात वैभव असते. तेव्हा पाहणाऱ्याच्या मनाला धरावयास काहीतरी सापडते. ज्या घरात कायदे होतात ते घर मुद्दाम पाहावयास गेलेला गृहस्थ मात्र क्वचितच भेटतो. अमेरिकेतील राज्याराज्यांतून राजधानीचे विधिमंडळगृह शाळेतील मुलांना हिंडून दाखविण्याचा प्रघात आहे. लंडनला गेलेला आपला माणूसही पार्लमेंटचा मनोरा पाहिल्यावाचून परतत नाही. स्वतःच्या विधिमंडळाचे दर्शन मात्र त्याला वर्तमानपत्रातील गोंधळाच्या बातमीवरून घडते, आणि तेवढ्यावर तो तृप्त असतो.

मी बीड जिल्ह्यातील नांदूरघाटचा. तुमचे विधिमंडळ कोठे, असे आमच्या गावात कोणी विचारले तर मुंबईस, आणि हिवाळ्यात नागपुरास, असे उत्तर कोणीही देईल. ते बरोबरही आहे. परंतु आमच्या भागातील लोकांनी प्रौढ मताधिकाराने निवडून दिलेला प्रतिनिधी प्रथम ज्या सभागृहात जाऊन बसला ते मुंबईत नव्हते आणि नागपुरातही नव्हते. ते हैदराबादेत होते. आज ते परराज्यात आहे. ते एकदा डोळे भरून पाहावे, अशी इच्छा मनात पुष्कळ वर्षे होती. हैदराबादेतील एका स्नेह्यांनी प्रवेशपत्राची खटपट केली, आणि अधिवेशन नसताना एके सकाळी तो योग आला.

हैदराबाद हा शब्द आमच्या घरात आजोबांच्या वेळेपासून निराळ्याच अर्थाने नांदत असे. ‘हैदराबादेहून आलंय’ म्हटले की त्यावर बोलणे खुंटले. वसुलाचा हुकूम तेथून यावयाचा, शिक्षाही तेथून यावयाची. सरकारदरबारची भाषा उर्दू. तेव्हा गाऱ्हाणे मांडावयाचे तर आधी ते लिहून देणारा शोधावा लागे, आणि त्याने काय लिहिले हे विश्वासानेच मानावे लागे. कायदे करणारे कौन्सिल निजामाच्या राज्यात १८९३ पासून होते. परंतु त्याला विचारण्याचा अधिकार रयतेला नव्हता. रयतेने अर्ज करावा, हुजुरांनी मर्जी करावी, असा तो रिवाज. आजोबा त्या अर्जदारांपैकी एक होते.

पब्लिक गार्डन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विस्तीर्ण बागेच्या कडेला ही शुभ्र इमारत उभी आहे. घुमट, छत्र्या, कमानी आणि नक्षीचे सज्जे यांची तिच्यावर रेलचेल आहे. राजस्थानी घडण आणि मुसलमानी घडण यांचा तो मिलाफ आहे, असे जाणकार सांगतात. सामान्य माणसाला ती साखरेच्या खेळण्यासारखी दिसते. ती मुळी विधिमंडळासाठी बांधलेलीच नव्हती. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या चाळिसाव्या वाढदिवसाचे स्मारक म्हणून १९०५ साली तिचा पाया घातला गेला, आणि १९१३ साली ती नगरभवन म्हणून पुरी झाली. ज्यांच्यासाठी हा थाट, ते १९११ सालीच निवर्तले होते.

दाराशी उभ्या असलेल्या वृद्ध पहारेकऱ्याने प्रवेशपत्र उलटसुलट पाहिले आणि विचारले, “कां से आए, साब?”

“बीड से.”

“वो तो महाराष्ट्र में है ना?”

“पहले इधरिच था,” मी म्हणालो.

त्याने एकदा माझ्याकडे निरखून पाहिले आणि “आओ, आओ,” म्हणून वाट करून दिली. एखाद्या लांबच्या नातलगाचे नाते उशिरा ध्यानात आल्यावर माणूस जसा बोलतो, तसा त्याचा स्वर होता.

आत मध्यभागी उंच छताचे मोठे दालन आहे आणि त्याच्या भोवती दोन मजल्यांवर खोल्या आहेत. शेजारी विधानसभेची नवी इमारत झाल्यापासून या दालनाचे मुख्य काम संपले आहे. रिकाम्या सभागृहात पाय टाकल्यावर मनुष्य नकळत हळू बोलू लागतो. मीही कमानीखाली थांबलो, आणि पुस्तकांतून वाचलेली माणसे तेथे कोठे कोठे बसली असतील याचा अदमास घेऊ लागलो.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस कारवाई होऊन निजामी राजवट संपली. आधी मेजर जनरल चौधरी यांचा लष्करी अंमल आणि मागाहून वेल्लोडी यांचा कारभार झाला. मग १९५२ साली सार्वत्रिक निवडणूक होऊन १७५ सभासदांची विधानसभा अस्तित्वात आली. बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. अध्यक्षांच्या आसनावर काशीनाथराव वैद्य बसले. दिगंबरराव बिंदू गृहमंत्री झाले. देवीसिंह चौहान आणि फुलचंद गांधी यांनाही मंत्रिमंडळात स्थान मिळाले. तेलंगण, मराठवाडा आणि कर्नाटकाचा भाग अशा तीन मुलखांचे लोक त्या एका छताखाली आले. मंत्रिमंडळाच्या वर राजप्रमुख म्हणून होते सातवे निजाम. ज्यांच्या वाढदिवसासाठी ही वास्तू उभारली त्यांचे चिरंजीव. फरक एवढाच की, मर्जी करण्याचा अधिकार आता त्यांच्याकडे उरला नव्हता. मंत्र्यांच्या सल्ल्याने त्यांनी वागावे, असे घटनेने ठरविले होते. वडिलांचे स्मारक तेच राहिले, आणि मुलाच्या डोळ्यांदेखत त्याचा मालक बदलला. एखाद्या राजवाड्यात शस्त्रे घेऊन शिरलेल्या जमावाची चित्रे आपण पुष्कळ पाहिली आहेत. हे सत्तांतर मात्र हातात कागदांची भेंडोळी घेऊन आलेल्या वकिलांनी, शिक्षकांनी आणि शेतकऱ्यांनी पुरे केले.

ही विधानसभा अवघी साडेचार वर्षे टिकली. भाषावार प्रांतरचनेत १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचे झाले. आमचे प्रतिनिधी हैदराबादचे दालन सोडून मुंबईच्या कौन्सिल हॉलमध्ये जाऊन बसले. मराठी माणसे एका राज्यात आली याचा आनंद मोठा होता, आणि तो योग्यही होता. परंतु सासरी सुखाने नांदणारी मुलगी माहेरचे नाव टाकून देत नाही. आम्ही मात्र ते नाव टाकले.

अशी ताटातूट केवळ आमच्याच वाट्याला आली असे नव्हे. गुजरातच्या वडीलधाऱ्यांनी १९६० पर्यंत मुंबईच्या त्याच कौन्सिल हॉलमध्ये भाषणे केली. ती वास्तू मुळात खलाशांचे वसतिगृह म्हणून बांधलेली, आणि आता तेथे राज्याच्या पोलिसांचे मुख्यालय आहे. नागपूरच्या विधिमंडळगृहात १९५६ पर्यंत महाकोशलचे सभासद वैदर्भीयांच्या शेजारी बसत. त्या हैदराबादच्या वास्तूनेही पुढे आणखी एक वाटणी पाहिली: २०१४ साली तेलंगण वेगळे झाले, आणि २०१७ साली आंध्र प्रदेशाची विधानसभा अमरावतीस गेली. म्हणजे आंध्रातल्या लोकांचेही ते आता आजोळच झाले. आजोळी आपली मालकी नसते, वाटणीही नसते. परंतु आईला जेथे पहिली पावले फुटली ते अंगण परके म्हणावयास जीभ रेटत नाही.

आता कोणी म्हणेल की, हा सारा भावनेचा खेळ झाला. भिंती तिकडे राहिल्या, आपल्याला काय मिळाले? याचे उत्तर केजच्या तहसील कचेरीत मिळते. महाराष्ट्रात कुळकायदे तीन आहेत. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा, विदर्भात १९५८ चा आणि मराठवाड्यात ‘हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५०’. राज्य गेले, राजप्रमुख गेले, सभागृह परक्यांचे झाले. कायदा मात्र अजून हैदराबादचेच नाव लावतो. इनामे रद्द करणारा १९५४ चा कायदाही त्याच नावाचा आणि त्याच सभागृहाचा. आमच्याकडील जमिनीच्या निम्म्या भांडणांत वकिलाच्या तोंडी पहिला शब्द येतो तो हाच.

१९५० चा मूळ कायदा निवडणुकीपूर्वीचा आहे. परंतु १९५४ साली विधानसभेने त्यात मोठी दुरुस्ती केली, आणि कलम ३८-ई त्यात घातले. संरक्षित कूळ म्हणून ज्याची नोंद झाली, त्याला ठरलेल्या मर्यादेत जमिनीचा मालक करण्याची तरतूद या कलमाने झाली. माझे आजोबा दुसऱ्याची जमीन बटाईने कसत. त्यांना अक्षरओळख नव्हती. परंतु ‘अडतीस ई’ हे शब्द ते एखाद्या मंत्रासारखे अचूक उच्चारीत. त्या कलमाखालचे प्रमाणपत्र आजीने लुगड्याच्या धडप्यात बांधून धान्याच्या कणगीत ठेवले होते. तीच जमीन माझ्या वडिलांच्या शाळेला पुरली आणि पुढे माझ्या कॉलेजलाही पुरली. मिल्टन आणि बर्क यांची भाषा मी शिकलो ती त्या कोरडवाहू तुकड्याच्या बळावर. त्या रिकाम्या दालनात उभा असताना मला घुमटांची नक्षी फारशी दिसलीच नाही. कोणीतरी येथे उभे राहून एक कलम वाचले असेल, कोणी त्याला विरोध केला असेल, हात वर झाले असतील, आणि त्या हातांच्या मोजदादीत आमच्या घराचे भवितव्य ठरले असेल, एवढेच राहून राहून मनात येत होते.

म्हणून मला खंत वाटते ती या विस्मृतीची. आमच्या विद्यार्थ्यांना हैदराबाद म्हटले की रझाकार आठवतात आणि मुक्तिसंग्राम आठवतो. दरवर्षी १७ सप्टेंबरला आम्ही झेंडावंदन करतो, आणि ते केलेच पाहिजे. २०२५ साली हैदराबाद गॅझेटियरची चर्चा घरोघर झाली, तीही जुन्या नोंदींच्या गरजेपोटी. परंतु मुक्त झाल्यावर आपण काय केले, ज्यांनी बंदुका पाहिल्या त्यांनी चारच वर्षांत सभागृहाचे नियम कसे आत्मसात केले, आणि त्या नियमांतून कुळाच्या हाती जमीन कशी आली, हे त्यांना कोणी सांगत नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळाचा इतिहास मुंबईपासून सुरू होतो, तेलंगणाच्या विधिमंडळाला मराठी सभासदांची आठवण ठेवण्याचे कारण नाही. या दोहोंच्या मध्ये आमची साडेचार वर्षे पोरकी पडली आहेत. जुलूम सोसल्याची आठवण मनुष्याला अभिमान देते. राज्य चालविल्याची आठवण त्याला जबाबदारी देते. आम्ही पहिली तेवढी जपली.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या सहली वेरूळला आणि रायगडाला जातात. त्यांतील एखादी हैदराबादेस न्यावी, आणि चारमिनारच्या वाटेवर अर्धा दिवस या सभागृहाला द्यावा. त्या विधानसभेचे छापील कामकाज ग्रंथालयांतून मिळते. त्यांतील कुळकायद्यावरील चर्चा मुलांकडून वाचून घ्यावी. आमच्या बालाघाटात उगम पावणारी मांजरा तिकडे मंजीरा होते, आणि हैदराबादकरांची तहान भागविते. राज्यांच्या सीमा बदलल्या म्हणून तिने आपली वाट बदलली नाही. आमच्या आजोबांच्या जमिनीचा कागद त्या शहरातून इकडे आला. आमची मुले तो कोठून आला एवढे पाहावयास तिकडे गेली, तर ते येणेजाणे काही अंशी फिटेल.